राजा डाव्या हाताला

दर रविवारी दुपारी चार वाजता मागच्या खोलीतला फोन वाजायचा, आणि दुसरी घंटा पुरी व्हायच्या आत बाबा तो उचलायचे.

"हं, बोल, ताई," म्हणायचे. मग थोडा वेळ काहीच नाही. मग, "डावा घोडा बाहेर." पुन्हा काहीच नाही. "डावीकडून दुसरं प्यादं, एक घर."

त्यांच्या पाठीशी स्टुलावर उभी राहून, त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकवून त्यांची मुलगी ते ऐकत असायची. बाबा रबरी शिक्के करून द्यायचे. पुढे दुकान, मागे घर. अक्षरांचे धातूचे खिळे एकेक करून उलटे लावायचे, साच्यावर दाबायचे, रबर तापवायचं, कापायचं आणि लाकडी मुठीला चिकटवायचं, हा त्यांचा धंदा. दिवसभर उलटी अक्षरं वाचणाऱ्या माणसाला सगळ्या गोष्टी अक्षरांतच दिसतात. पाठीला चिकटून असणाऱ्या मुलीचं नाव त्यांनी "जोडाक्षर" ठेवलं होतं, आणि ते तिला इतकं चिकटलं की शाळेतलं नाव घरात परक्यासारखं वाटायचं.

फोनच्या त्या टोकाला आत्या असायची. बाबांची थोरली बहीण, एका मोठ्या इस्पितळात मेट्रन होती. निवृत्त झाली तरी आवाजातला कडक इस्त्रीचा गणवेश काही उतरला नव्हता. तिच्याकडे एक पट, इकडे एक पट. दोघं आपापल्या पटावर दोघांच्याही चाली करायची. लहानपणी कधीतरी तिनं जाहीर केलं होतं, "मोठी मी, म्हणून पांढरी माझी." धाकट्यानं मान हलवली होती, ती साठ वर्षं हललेलीच राहिली. पांढरी नेहमी आत्याची, काळी नेहमी बाबांची.

दोघांची चाल सांगायची भाषाही लहानपणचीच होती. आकडे नाहीत, इंग्रजी अक्षरं नाहीत. आपापल्या हातावरून बोलायचं. डावा घोडा म्हणजे माझ्या डाव्या हाताचा. कडेनं सरकून कोपऱ्याकडून पटावर नजर ठेवणारा उंट हा "खिडकीत" बसलेला. राजा हत्तीच्या आडोशाला गेला की तो "घरात" गेला. आणि नियम एकच, तोही मेट्रनचा: डाव उरवायचा नाही. साडेपाचला तिची चहाची वेळ. त्याआधी हार, जीत किंवा बरोबरी, काय ते आटपायचं.

बाबांना काळ्याची एकच मांडणी यायची. सहा चालींची. डावा घोडा बाहेर, डावीकडून दुसरं प्यादं एक घर, डावा उंट खिडकीत, राजा घरात, वजिराचं प्यादं एक घर, राजाचं प्यादं दोन घरं. मग चहाचा घोट आणि, "हं, बोल. आता दाखव काय करतेस." समोरून काहीही येवो, बाबांच्या या सहा चाली यायच्याच. जोडाक्षराला त्या पाढ्यासारख्या पाठ झाल्या. समोरून काय यायचं ते मात्र तिला कधी कळलं नाही. दोन चालींच्या मधली शांतता, ती आत्याची. लहान असताना तिला वाटायचं, बुद्धिबळ हा खेळ असाच असतो, अर्धा बोलायचा आणि अर्धा गप्प बसायचा.

"खेळतेस का माझ्याशी?" बाबा मधूनमधून विचारायचे. "बस समोर."

"मला ऐकायलाच आवडतं."

पुढे तिच्या हातात पुस्तक आलं. स्टूल गेलं, खिडकीचा कट्टा आला. तरी रविवारी चार ते साडेपाच ती त्याच खोलीत वाचत बसायची, आणि पानांच्या मागे तो आवाज चालू असायचा. मोठी झाली, प्रकाशनाच्या कचेरीत प्रुफं तपासू लागली, केस पिकायला लागले, तरी. बाबांनी विचारायचं कधी थांबवलं, हे तिला आठवत नव्हतं. समोरच्या खुर्चीवर ती एकदाही बसली नव्हती, हे मात्र आता पक्कं आठवत होतं.

बाबा गेले एका बुधवारी, दुकानातच, खिळे जुळवताना. पट्टीत "पोच" एवढंच जुळवून झालं होतं, उलटं. पुढचं "मिळाली" डब्यातच राहिलं. तिनं ती पट्टी तशीच ठेवली. प्रुफं तपासणाऱ्या बाईला अर्धं वाक्य पुरं करणं कठीण नव्हतं, पण हात लावावासा वाटेना.

आत्या येऊन गेली, चार दिवस राहिली, सगळं सरळ करून दिलं, कुणालाही मोठ्यानं रडू दिलं नाही. निघताना दारात म्हणाली, "फोन करत जा. पण रविवारी चारला नको. दुसरा कुठलाही वार, कुठलीही वेळ."

"का?"

"मी सांगते म्हणून."

असे दहा रविवार गेले. चार वाजता ती मागच्या खोलीत जायची, पुस्तक उघडायची आणि साडेपाचला मिटायची. पान तेच.

अकराव्या आठवड्यात, शनिवारी, वहिनीचा फोन आला. आत्याची सून. हिचं बोलणं नेहमी हळू, कारण घरात मेट्रन.

"तुला सांगू का नको, असं झालंय बघ. सासूबाई दर रविवारी पावणेचारला पट मांडतात. फोनशेजारी खुर्ची ओढून बसतात. साडेपाचला सोंगट्या डब्यात भरतात आणि उठतात. ना खेळ, ना शब्द. मी चहा विचारला तर म्हणाल्या, ड्यूटीवर चहा घेत नाही."

"मग?"

"मग आज सकाळी म्हणाल्या, पट माळ्यावर टाकून दे. उद्यापासून नको. मी म्हटलं टाकते, आणि पलंगाखाली सरकवला. जेवण तर निम्म्यावर आलंय. तू काहीतरी कर बाई. तुझं ऐकतील असं नाही, पण माझं तर नक्कीच ऐकत नाहीत."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ तिथेच उभी राहिली. पट माळ्यावर गेला की रविवारचे चार वाजणं संपलं. आणि संपलं की दुसरा अर्धाही संपला. बाबांच्या साठ वर्षांच्या बोलण्याला समोरून जे काही उत्तर येत होतं, ते फक्त एका म्हातारीच्या डोक्यात होतं, आणि ती ते झाकण लावून माळ्यावर ठेवायला निघाली होती.

रविवारी तिनं बाबांचा पट टेबलावर घेतला, त्यांच्या खुर्चीत बसली आणि चारला पाच कमी असताना आत्याचा नंबर फिरवला. रविवारी या टोकाकडून तो पहिल्यांदाच फिरत होता. पहिली घंटा अर्धी वाजली, इतक्यात तिकडून उचलला गेला.

"कोण?"

"मी."

"मी तर मीही आहे. कोण मी?"

"जोडाक्षर."

"आज रविवार आहे."

"माहीत आहे."

"चार वाजतायत."

"तेही माहीत आहे, आत्या. घड्याळ येतं मला."

"घड्याळ येतं, पण सांगितलेलं कळत नाही. बापावर गेलीस."

"अर्धीच," ती म्हणाली आणि तिचा आवाज मधेच हलला. "जोडाक्षरातलं अर्धंच उरलंय आता."

"अर्ध्या अक्षराचा पाय मोडून ठेवतात, एवढं व्याकरण मलाही येतं. रडायचं नाही. काय काम होतं?"

"एक डाव."

"तुला खेळता कुठे येतं?"

"बाबांच्या सहा चाली येतात."

"आणि सातवी?"

"ती तुमच्याकडून ऐकेन."

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग पलीकडे कुठेतरी, फोनपासून लांब, "पलंगाखाली आहे ना? माहीत होतं मला. आण." वहिनीची पावलं. सोंगट्या डब्यातून टेबलावर ओतल्याचा खडखडाट. हा खडखडाट तिनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. बाबांच्या कानात तो दर आठवड्याला होत असणार.

"एकच डाव," आत्या म्हणाली. "तुझ्या समाधानाला. नंतर पट माळ्यावर, आणि तूही गप्प, मीही गप्प. कबूल?"

"कबूल." दुसरं काय म्हणणार?

"पांढरी तू घे."

"मी? पांढरी तर तुमची. मोठी कोण?"

"पांढरी घेतली की पहिली चाल मी सांगणार, आणि मग त्याच्या उत्तराची वाट बघणार. ते मला होणार नाही. तू घे. मला काळी दे, म्हणजे तरी काहीतरी वेगळं दिसेल."

तिनं सोंगट्या मांडल्या. पांढरी आपल्याकडे, काळी समोर. हात भराभर चालले. हत्ती, घोडा, उंट; मधे राजा नि वजीर; पुन्हा उंट, घोडा, हत्ती. खुर्ची बाबांची, कोन बाबांचा, फक्त सोंगट्यांचा रंग उलटा.

"झालं मांडून?"

"झालं."

"मग बोल."

आणि ती अडली. पहिली चाल तिला पाठ होती, पण त्या चालीआधी नेहमी एक शांतता असायची. आत्याची. आज ती नव्हती. एखाद्या गाण्याची सुरुवातीची पेटी वाजलीच नाही आणि थेट शब्दच उचलायचे, तसं झालं.

"डावा घोडा बाहेर," ती म्हणाली.

"वजिराचं प्यादं, दोन घरं."

म्हणजे ही असते ती शांतता, तिला वाटलं. तिच्यात शब्द असतात, आणि मागे पंख्याची घरघर असते, आणि आत्याच्या बांगड्या टेबलाच्या काचेवर आपटतात. तिनं समोरचं प्यादं दोन घरं आणलं.

"डावीकडून दुसरं प्यादं, एक घर."

"डावा घोडा बाहेर. तू वजिराच्या अंगानं निघालीस की काय? हे कोणी शिकवलं?"

"बाबांनीच."

"तो कधी त्या अंगाला फिरकला नाही. बरं. पुढे."

"डावा उंट खिडकीत."

"राजाचं प्यादं, दोन घरं." आत्याच्या आवाजात आता किंचित धार आली होती. अशा आवाजात ती नर्सांना तापमानाचा तक्ता विचारत असणार. "बोल."

"राजा घरात."

शांतता. खरी, शब्द नसलेली.

"कुठल्या घरात?"

"डावीकडच्या. हत्तीच्या आडोशाला."

"अगं, कसा जाईल? मधे वजीर बसलाय ना तुझा. वजिराच्या डोक्यावरून उडी मारणार आहे?"

"मधे काहीच नाही, आत्या. घोडा गेला, उंट गेला. मोकळं आहे."

"घोडा गेला, उंट गेला, वजीर कुठे गेला?"

"वजीर राजाच्या उजवीकडे."

"काय?"

"उजवीकडे. राजा डाव्या हाताला, वजीर उजव्या."

पलीकडे बांगड्याही थांबल्या.

"जोडाक्षर," आत्या अगदी सावकाश म्हणाली, "तुझा पांढरा वजीर पांढऱ्या घरात उभा आहे का काळ्या?"

तिनं पाहिलं. "काळ्या."

"पांढऱ्याचा राजा उजव्या हाताला असतो, पोरी. डाव्या हाताला असतो तो काळ्याचा."

तिनं पुन्हा पटाकडे पाहिलं. आयुष्यभर हा पट तिनं एकाच जागेवरून पाहिला होता, बाबांच्या खांद्यावरून. त्या जागेवरून राजा डावीकडेच दिसायचा. समोरून तो कुठे दिसतो, हे पाहायला समोर बसावं लागतं.

"मी कधी समोर बसलेच नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, राजा डावीकडेच असतो. सगळ्यांचा."

आणि मग फोनमधून एक आवाज आला. आधी तिला वाटलं, आत्याला ठसका लागला. मग तो ठसका लांबला, मोकळा झाला, त्यात मागून वहिनीचं घाबरलेलं "काय झालं, काय झालं?" मिसळलं, आणि तिच्या लक्षात आलं, की मेट्रन हसते आहे. अगदी धाप लागेपर्यंत.

"शिक्केवाल्याची मुलगी शोभतेस!" आत्या म्हणाली. "उलटाच जुळवलास सगळा!"

"थांबा, मी नीट लावते. राजा-वजीर बदलते आणि पहिल्यापासून…"

"हात लावू नकोस!"

हा आवाज मेट्रनचा होता. तिनं हात मागे घेतला.

"तुझं राहू दे," आत्या म्हणाली, आवाज जरा खाली आणून. "तू तुझ्या जागी बरोबर बसली आहेस. मी माझं फिरवते. चारच तर सोंगट्या आहेत. तुझा राजा, तुझा वजीर, माझा राजा, माझा वजीर." ठक, ठक. ठक, ठक. "झालं. बाकी कोणाला हलवायची गरजच नाही. घोडे, उंट, प्यादी, सगळी आहेत तिथेच बरोबर. अगं…"

"काय?"

"माझा राजा उजव्या हाताला आला."

"म्हणजे चुकला?"

"नाही गं. साठ वर्षं माझा राजा उजव्या हाताला होता. आज काळी घेतली तर तो डाव्या हाताला जाऊन बसला होता, आणि मघापासून मला पट परक्या घरासारखा वाटत होता. आता आला जागेवर. सोंगट्या तेवढ्या काळ्या." ती थांबली. "तू त्याच्या जागी, मी माझ्या जागी. रंग फक्त बदललेत. कोणी मुद्दाम करायला गेलं असतं तर जमलं नसतं. हं, गेला तुझा राजा घरात. माझा डावा उंट बाहेर."

डाव पुढे सरकला, एकेका चालीला दहा-दहा मिनिटं घेत. वजिराचं प्यादं एक घर. आत्याचं उत्तर. राजाचं प्यादं दोन घरं. पाढा संपला.

आत्यानं मात्र लगेच उत्तर दिलं नाही. ती पुटपुटत काहीतरी मोजत होती.

"काय झालं?"

"एक चाल कमी पडते आहे मला. तो इथपर्यंत यायचा तेव्हा माझा राजा घरात गेलेला असायचा. आज बाहेरच उभा आहे." मग स्वतःशीच, "पडणारच. सुरुवात तुझी ना. पांढऱ्यानं काळ्याचीच मांडणी केली, की त्याच्या गाठीशी एक चाल जास्तीची राहते. बरं, घे, राजा घरात. आता झाला पट नेहमीसारखा. अगदी जसाच्या तसा."

तिनं पाहिलं. खरंच. हे चित्र तिनं शेकडो रविवार पाहिलं होतं, रंग उलटे करून. इथे आलं की बाबा मागे टेकायचे, कप उचलायचे आणि म्हणायचे, "हं, बोल. आता दाखव काय करतेस." त्यांचं काम झालेलं असायचं. पुढचं समोरच्याकडे.

"बोल," आत्या म्हणाली. "चाल तुझी आहे."

या चित्रात बाबांची चाल कधीच नसायची. तिनं पाढा पुढे आठवून पाहिला. पुढे काही नव्हतं. सगळी माणसं आपापल्या जागी, सगळं नीट लावलेलं, आणि हातात एक चाल उरलेली, जिचं काय करायचं हे तिनं कोणाकडूनही ऐकलेलं नव्हतं.

पुढे घुसावं का? मधलं एखादं प्यादं मारून मोकळं व्हावं? तसं केलं तर डाव पेटेल, आणि पेटला की लवकर संपेल. एकच डाव, आत्या म्हणाली होती. तिला तो संपवायचा नव्हता. तिची नजर पटाच्या कडेला गेली. राजाच्या घराबाहेर, अगदी टोकाला, एक प्यादं उभं होतं, ज्याच्याकडे बाबांनी सुरुवातीला कधी पाहिलंही नव्हतं. ते हललं तर कोणाचं काही बिघडणार नव्हतं. नुसतं थोडं बाजूला सरकून समोरच्याला वाट दिल्यासारखं.

"डाव्या टोकाचं प्यादं," ती म्हणाली. "एक घर."

उत्तर आलं नाही.

"आत्या? चुकलं का? चालत नाही का असं?"

"चालतं."

"मग?"

"हे तुला त्यानं सांगितलं?"

"नाही. त्यांच्या सहाच होत्या. ही माझी आहे."

पंख्याची घरघर. दूर कुठेतरी भांडं ठेवल्याचा आवाज.

"तुझी आई गेली," आत्या म्हणाली, "त्याच्या पुढच्या रविवारची गोष्ट. तू हॉस्टेलवर परत गेली होतीस, परीक्षा होती तुझी. मी फोन केला. म्हटलं, आज पांढरी तू घे. साठ वर्षांत एकदाच दिली मी त्याला. म्हटलं, जरा बरं वाटेल. तर हा गप्प. पाच मिनिटं गप्प, दहा मिनिटं गप्प. मला वाटलं, लाईन तुटली. मग म्हणाला, टोकाचं प्यादं, एक घर. मी म्हटलं, हे काय रे, ही काय पहिली चाल आहे? तर म्हणाला, ताई, मला सुरुवात करता येत नाही. तू सुरुवात कर. मला उत्तर द्यायला येतं."

तिनं टोकाच्या प्याद्यावर बोट टेकवलं.

"मग त्यानं आपल्या नेहमीच्याच सहा चाली केल्या. झालं होतं ते हेच. हाच पट, हेच प्यादं एक घर पुढे. त्याचं उजव्या टोकाचं होतं, तुझं डाव्या. तेवढाच फरक."

शिक्का आणि ठसा, तिच्या मनात आलं, पण ती म्हणाली नाही. म्हणाली, "कोण जिंकलं?"

"कोणी नाही. उरला तो डाव."

"तुम्ही तर उरवू देत नाही."

"एवढाच उरला. इथेच, या चालीपर्यंत येऊन. मग त्याचं लक्ष घड्याळाकडे गेलं आणि म्हणाला, ताई, ठेवतो. पाच वाजता पोरीचा फोन यायचाय, लाईन मोकळी पाहिजे. मी म्हटलं, अरे डाव? म्हणाला, राहू दे."

तिला तो फोन आठवला. हॉस्टेलच्या जिन्याखाली तो होता, मागे मुलींची रांग. जेमतेम चार मिनिटं. ती पेपराबद्दल बोलली होती, वाचनालयात न मिळालेल्या एका पुस्तकाबद्दल बोलली होती. "काय करत होतात, बाबा?" तिनं विचारलं होतं. "काही नाही. रिकामाच बसलो होतो." आणि पहिली घंटा पुरी वाजायच्याही आधी फोन उचलला गेला होता, याचं तिला तेव्हा जरासं नवल वाटलं होतं. तेवढंच.

तिनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. पहिला ओला झाला होता.

"रडतेस?"

"नाही."

"मीही नाही," मेट्रन म्हणाली, आणि नाक शिंकरलं.

बराच वेळ दोघीही बोलल्या नाहीत. पण आता ही शांतता तिला ऐकू येत होती. तिच्यात एक म्हातारी श्वास घेत होती, खुर्ची कुरकुरत होती, आणि कोणीतरी दारात येऊन, काही न विचारता, परत गेलं होतं.

"चहा ठेव गं!" आत्या एकदम ओरडली. फोनमध्ये नव्हे, वहिनीला. "आणि सोबत काहीतरी खायला आण. बिस्किटं आण. मरतुकडी दोन नकोत, नीट आण." मग फोनमध्ये, नेहमीच्या आवाजात, "साडेपाच झाले."

तिनं घड्याळ पाहिलं. झाले होते. "आत्या, एकच डाव म्हणाला होतात तुम्ही. हा कुठे संपलाय?"

"तेच म्हणते मी. एक डाव म्हटलं होतं, एका बैठकीत म्हटलं नव्हतं."

"डाव उरवायचा नाही, हा नियम?"

"नियम माझा आहे. तुझ्या बापानं तो एकदा मोडला, मी त्याला काही बोलले नाही. आता मी मोडते, तू मला काही बोलू नकोस. बावीस वर्षं उरलेला डाव आहे, दीड तासात कसा संपेल? आणि आपला पट तसाच ठेव. झाकून ठेव. राजाला हात लावशील तर बघ. कुठल्या हाताला आहे?"

"डाव्या."

"हं."

"आणि तुमची चाल? माझं प्यादं झालं, आता चाल तुमची आहे."

"माझी चाल मी विचार करून सांगेन. सात दिवस आहेत मला. तू तोवर त्याचे सगळे शिक्के पुसून ठेव, रबर कडक होतं नाहीतर. आणि फोन इकडून येईल, तू फिरवायचा नाहीस. पद्धत आहे ती."

"बरं."

"आणि उचलल्यावर काय म्हणायचं असतं, माहीत आहे ना?"

तिला माहीत होतं. चाळीस वर्षं ऐकलं होतं. पण ते शब्द तोंडातून काढायला तिला थोडा वेळ लागला, आणि तेवढा वेळ त्या टोकाला आत्या थांबली, घाई न करता, जशी ती नेहमीच थांबत असणार.

"हं, बोल, आत्या," ती म्हणाली.

"आत्ता नाही गं, वेडे. रविवारी," आत्या म्हणाली, पण फोन ठेवला मात्र नाही.